फितीवरचा स्वरवृंद

'आय ॲम नॉट इन लव्ह' हे 'टेनसीसी' या ब्रिटिश चौकडीचे १९७५ साली गाजलेले संथ प्रेमगीत, म्हणजेच बॅलड, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत आकाराला आले. एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांची ही रचना आधी बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्यात बसवली गेली, ती फसली आणि बाजूला पडली. तेव्हा केव्हिन गॉडली यांनी वाद्यांऐवजी मानवी आवाजांचाच आधार घेण्याचे सुचवले. त्यानुसार चौकडीतील तिघांनी प्रत्येक स्वर १६ वेळा गायला, अशा ४८ आवाजांचा एक थर याप्रमाणे १३ स्वरांचे ६२४ आवाज जमले, आणि ते दोन टोके जोडलेल्या, अखंड फिरणाऱ्या फितींवर उतरवून मिक्सरच्या सरकत्या दांड्यांनी, म्हणजे फेडरांनी, पेटी वाजवावी तसे कमीजास्त करण्यात आले. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून तेथे चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे सर्व स्वरांची पुसट गुणगुण गीतभर टिकते. प्रेम नाकारणाऱ्या नायकाची लटकी बतावणी शब्दांपेक्षा या गुणगुणीनेच अधिक उघडी पडते. ध्वनिमुद्रित आवाज असे स्वरांप्रमाणे वाजवण्याचे काम पुढे सॅम्पलर यंत्रांनी सोपे केले. गीत ब्रिटनमध्ये पहिल्या, तर अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. २०१४ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' चित्रपटाने ते नव्या पिढीच्या कानी घातले.