ध्वनिशोधक ड्रोन

आपत्तीत अडकलेल्यांच्या हाका, किंकाळ्या वा शिट्टी टिपून त्यांचे स्थान शोधणारे छोटे उडते यंत्र. अंधारात व धुरात, जिथे कॅमेरा अपुरा पडतो, तिथे ते विशेष उपयुक्त. आवाज त्यावरील निरनिराळ्या मायक्रोफोनांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. त्यावरून दिशा कळते. मायक्रोफोनांत २० सेंमी. अंतर असल्यास हा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.६ मिलिसेकंद असतो. पंख्यांचा गोंगाट गाळणे ही मुख्य अडचण होय. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०२१ मध्ये असे संशोधन मांडले. सौदी अरेबियातील रब अल्-खाली वाळवंटाचा विस्तार आणि २००९ मध्ये शंभराहून अधिक बळी घेणारा जेद्दाचा पूर पाहता तेथे हे तंत्र जीवरक्षक ठरू शकेल. मात्र ४५° से. तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५७ मी. होत असल्याने गणित त्यानुसार जुळवावे लागते.