गिझरची टाकी रिकामी कशी करायची? वर्षातून एकदा करायचं अर्ध्या तासाचं काम

फोन स्लो झाला की आपण लगेच कॅशे साफ करतो. पण बाथरूममध्ये डोक्यावर टांगलेला गिझर आपण शेवटचा कधी साफ केला? बहुतेकांचं उत्तर "कधीच नाही" असं असतं. माझंही तेच होतं.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या नाशिकच्या घरातला १५ लिटरचा गिझर पाणी तापवताना कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडायला लागला. खालून बघितलं तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला चक्क प्लग लावलेला. बाबा म्हणाले, "अरे, थेंब थेंब गळत होता, म्हणून प्लंबरकडून बंद करून घेतला." तडतड साधी गोष्ट होती. खरा धोका त्या प्लगचा होता. तो कसा, ते पुढे सांगतो.

आत नक्की काय साचतं?

नाशिक शहराला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण बऱ्याच सोसायट्या जोडीला बोअरचं पाणी वापरतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी तापलं की विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे साध्या भाषेत चुनखडी. ती कॉइलवर थर धरते आणि उरलेली टाकीच्या तळाशी बसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमच्या बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर गिझरमध्येही तेच चालू आहे असं समजा.

या थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस फुटते. मग गिझर चालू करताच ईएलसीबी पडायला लागतो.

अमेरिकेत लोक कॅम्पर गाडीतला वॉटर हीटर थंडीआधी रिकामा करतात, कारण आतलं पाणी गोठून साधारण ९ टक्के फुगतं आणि टाकी फुटू शकते. आपल्याकडे निफाडला कितीही कडाका पडला तरी घरातल्या गिझरला ती भीती नाही. आपला शत्रू बर्फ नसून चुना आहे.

आधी हे समजून घ्या

उभ्या गिझरला खाली दोन नळ्या असतात. निळ्या खुणेची थंड पाणी आत नेते, लाल खुणेची गरम पाणी बाहेर आणते. लाल नळी टाकीच्या आत थेट वरपर्यंत गेलेली असते. म्हणून आत येणारं पाणी बंद करून गरम नळ सोडला तर थोडं पाणी येऊन थांबतं, टाकी भरलेलीच राहते. टाकी रिकामी होते ती निळ्या बाजूने.

स्टेप बाय स्टेप

१. फक्त बटण नको, गिझरचा एमसीबी खाली करा. प्लग असेल तर तोही काढा.

२. गरम नळ सोडून पाणी थंड येईपर्यंत वाहू द्या. ते बादलीत धरा, धुण्याला होईल.

३. गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा. गरम नळ उघडाच ठेवा. त्यातून टाकीत हवा शिरते. हवा शिरली नाही तर पाणी उतरत नाही.

४. जोडणीचा फोटो काढून ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्हला छोटा दांडा असेल तर तोंडाला पाइप लावून दांडा उचला. दांडा नसेल तर खाली मोठी बादली ठेवून निळ्या बाजूचा कनेक्शन पाइप पान्याने हळूहळू सोडवा.

५. पाणी थांबलं की पाइप सोडवला असेल तर परत जोडा, अँगल कॉक अर्धा मिनिट उघडा आणि पुन्हा रिकामं करा. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा. आमच्याकडे पहिल्या बादलीच्या तळाशी मूठभर पांढरी कच निघाली.

६. सगळं घट्ट जोडा, गरज असेल तिथे टेफ्लॉन टेप लावा. अँगल कॉक उघडा आणि गरम नळातून फसफस थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. त्यानंतरच एमसीबी चालू करा. टाकी रिकामी असताना गिझर लावला तर कॉइल काही मिनिटांत जळू शकते.

यात फक्त सुटा गाळ निघतो. कॉइलवरचा कडक थर आणि आतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (तो स्वतः गंजून टाकी वाचवतो) हे काम कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या. स्वतः उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते.

तो प्लग का काढला?

१५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेलं की ते जवळपास पाव लिटरने फुगतं. व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, म्हणून वाढलेला दाब थेंबांनी बाहेर पडतो. म्हणजे गिझर तापताना थोडं गळणं हा बिघाड नाही, व्हॉल्व्हचं कामच ते आहे. ते तोंड बंद केलं आणि थर्मोस्टॅट व कटआउट दोन्ही अडकले, तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली कोंडून राहतं. टाकी फाटली की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या साधारण १६०० पट जागा लागते. बाथरूममध्ये तेवढी जागा नसते.

गिझर बंद असतानाही सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. पण बुजवू नका.

गॅस गिझर आणि सोलरची रचना वेगळी असते, त्यांना ही पद्धत लावू नका. बाकी सगळ्यांनी फोनमध्ये दरवर्षी दिवाळीनंतरचा एक रिमाइंडर लावा, बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांचा. आणि आज अंघोळीला जाल तेव्हा एकदा वर बघा, तुमच्या व्हॉल्व्हचं तोंड उघडं आहे ना?