आता लांडगा आला आहे

अमेरिकेच्या सरकारी दप्तरात १५ ऑगस्ट १८६१ चे एक पत्र आहे. पत्र अध्यक्ष लिंकन यांना आहे. धाडणाऱ्याला लिहिता येत नव्हते; मजकूर दुसऱ्याने उतरून घेतला, आणि नावापाशी म्हाताऱ्याने आपली फुली ओढली.

या म्हाताऱ्याचे नाव ओपोथलेयाहोला. कारकुनांनी ते नाना तऱ्हांनी लिहिले आहे; आपलीही जीभ अडखळते, म्हणून त्यांना फार हसू नये! तो मस्कोगी लोकांचा पुढारी. गोरे त्यांना ‘क्रीक’ म्हणत. मुंबईकराला क्रीक म्हटले की खाडी आठवते. तिकडे मात्र त्याचा अर्थ ओढा.

त्यांचा मूळ मुलूख जॉर्जिया-अलाबामाकडचा. १८२५ च्या फेब्रुवारीत विल्यम मॅकिंटॉश या त्यांच्याच एका सरदाराने, राष्ट्रसभेला न जुमानता, जमीन लिहून दिली. परवानगीवाचून जमीन विकील त्याला मरण, असा क्रीकांचा कायदा होता. एप्रिलअखेर मॅकिंटॉश मारला गेला. मग ओपोथलेयाहोला शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेला आणि २४ जानेवारी १८२६ च्या नव्या तहाने तो करार रद्द करवून परतला. भाव सुधारला, जॉर्जियातली जमीन मात्र बहुतेक सारी गेलीच.

तहासाठी राजधानीत येणाऱ्या अशा पाहुण्यांची चित्रे काढून ठेवण्याची हौस इंडियन खात्याचे प्रमुख मॅकेनी यांना होती. चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराने ओपोथलेयाहोलालाही समोर बसवून रंगविले. जमीन काढून घ्यायची आणि चेहरा जपून ठेवायचा, हा व्यवहार मोठा विलक्षण खरा. पण चेहराही नीट जपला गेला नाही. २४ जानेवारी १८६५ रोजी, म्हणजे तहाच्याच तारखेला, स्मिथसोनियन संस्थेत आग लागली आणि तो संग्रह बहुतेक जळाला. हेन्री इन्मनने आधीच नकला उतरल्या होत्या. त्यांवरून छापलेली शिळाछापाची चित्रे मॅकेनी आणि हॉल यांच्या तीन खंडांत आली होती, म्हणून तो आज आपल्याला दिसतो.

१८३६ मध्ये क्रीकांना मिसिसिपीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात नेऊन बसविले. पुढे यादवी पेटली. १८६१ च्या जुलैत क्रीकांतील काही सरदारांनी दक्षिणेशी तह केला. ओपोथलेयाहोला स्वतः गुलाम बाळगणारा. तरी त्याने जुना तह मोडला नाही. पत्रात तो सरकारला सरकारचाच शब्द ऐकवितो: गवत उगवते आणि पाणी वाहते तोवर ही भूमी तुमची, कोणी छळले तर आमचे शिपाई येतील, असे तुम्हीच म्हणाला होतात. आता लांडगा आला आहे. परके आमची जमीन तुडवीत आहेत. मुले भ्याली आहेत, आयांना झोप नाही.

१० सप्टेंबरला सरकारी प्रतिनिधीने उत्तर धाडले, की अध्यक्ष तुम्हांला विसरणार नाहीत, आमचे सैन्य लवकरच येईल.

सैन्य आले नाही. हजारो बायकामुले आणि काळे लोकही बरोबर घेऊन म्हातारा उत्तरेस कॅन्ससकडे निघाला. वाटेत तीन लढाया झाल्या. २६ डिसेंबरच्या शेवटच्या लढाईत गाड्या, गुरे, पांघरुणे सारे गेले आणि लोक बर्फातून अनवाणी पळाले. छावणीत कित्येकांची थंडीने गोठलेली बोटे नि पाय कापावे लागले.

ओपोथलेयाहोला १८६३ च्या मार्चमध्ये कॅन्ससातच वारला. त्याला लेकीच्या शेजारी पुरले.