राजाचा मुलगा

बाबा गेले त्या वर्षीच्या गणपतीत भजनाला पखवाज कोण वाजवणार, हा प्रश्न वाडीने माझ्याकडे बघून परस्पर सोडवून टाकला. मी वाजवत नाही, गोष्टी लिहितो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी भजनाच्या बुवांनी मळलेल्या कणकेचा गोळा माझ्यापुढे ठेवला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ती कणीक थापायची, चिमूटभर काढायची, पुन्हा लावायची आणि स्वर जुळवायचा. बाबांचं हे काम चालू असताना घरात कोणी बोलत नसे. मी गोळा हातात घेतला आणि तसाच परत केला. वाडीला ते आवडलं नाही.

बाप गेला की माणूस पोरका होतो, त्याचं सांत्वन करायला लोक येतात. लिहिणाऱ्या-गाणाऱ्याचं आणखीही काही जातं, त्याचं सुतक कोणी पाळत नाही. बाबा माझी प्रत्येक गोष्ट ऐकायचे. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर चालू, आणि मधेच, "हंयसर ताल तुटता." मी चिडायचो आणि रात्री ते वाक्य बदलायचो. ते गेल्यावर कित्येक महिने एक पान पुढे सरकलं नाही. मी कोणासाठी लिहीत होतो, ते तेव्हा कळलं.

आमचे आबा, म्हणजे बाबांचे चुलते, करूळ घाटाखाली राहतात. आमचा वैभववाडी तालुका घाटाच्या पायथ्याचा. वर गगनबावडा, पलीकडे कोल्हापूर. दशावताराची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, मोठी मंडळं कुडाळ-वेंगुर्ल्याकडची. आबांच्या लहानपणी नट सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायचे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली.

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशाच एका मंडळातल्या मुलाची. बाप राजपार्ट करायचा, मुलगा स्त्रीपार्ट. ऐन जत्रांच्या दिवसांत बाप तापाने गेला. पुढच्या गावचं नाटक ठरलेलं, देवाचं काम, ते मोडता येईना. मालकाने मुलाच्या डोक्यावर बापाचा मुकुट ठेवला. मुलगा आला तो बापाच्याच चालीने, तलवार धरली तीही तशीच. माणसं रडू लागली. पेटी थांबली, आता बोलायचं. आणि त्याला शब्दच सुचेना.

दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोण ते ठरतं, बाकी संवाद ज्याचा त्याने उभ्याउभ्या रचायचा. बाप इतकी वर्षं जे बोलला ते कुठेच उतरवलेलं नव्हतं. "बापाशीचो मुकुट मिळता रे, जीभ मिळणा नाय," आबा म्हणाले.

बापाचा वारसा असा पेललेली खरी माणसंही आहेत. नेरूरच्या कलेश्वर दशावतार मंडळाचे सुधीर कलिंगण हे बाबी कलिंगणांचे चिरंजीव. बापाचं काम पाहिलेल्या रसिकांपुढे त्यांनी आपला राजा उभा केला आणि ‘लोकराजा’ ठरले. 2022 मध्ये ते गेले. पुढे त्यांचा मुलगा सिद्धेश त्याच रंगमंचावर उभा राहिला. दोन पिढ्यांचं कौतुक पाठीशी घेऊन पहिलं वाक्य उच्चारणं किती कठीण असेल, याचा मी पुष्कळ विचार करतो.

लता मंगेशकरांचंही तसंच. वडील मास्टर दीनानाथ 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात वारले तेव्हा लता तेरा वर्षांचीही नव्हती. गाणं बापानेच शिकवलेलं. मुलीने सिनेमात गावं हे त्यांच्या मनाला पटणारं नव्हतं. पण घरात धाकटी भावंडं होती, आणि त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’मध्ये दिसली. बापाने दिलेल्या सुरांवर, बापाला नको असलेल्या वाटेने घर चालवायचं. तिच्या मोठेपणाबद्दल आपण खूप बोलतो. त्या एका वर्षात त्या पोरीच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, तिकडे मात्र आपलं लक्ष जात नाही.

आबांच्या गोष्टीतला मुलगा त्या रात्री कसाबसा निभावला. पखवाजवाल्याने ओळखलं, तोच बोल घोळवत ठेवला, आणि मुलगा दोन-चार वाक्यं बोलला, साधी, अडखळत. पुढच्या हंगामात त्याने मालकाकडे संकासूर मागितला. काळा पेहराव, लाल जीभ, मालवणी बोली, लोकांना हसवणं. बापाने हे सोंग कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे तुलना करायला कोणी उरलं नाही. राजपार्ट त्याने पुन्हा केला तो बऱ्याच वर्षांनी, आणि आबांच्या मते तेव्हाचा त्याचा राजा बापापेक्षा कमी गरजायचा, जास्त विचार करायचा.

मी आता लिहून झालं की आबांना वाचून दाखवतो. त्यांची बोटं हलत नाहीत. ते तालाचं काही बोलत नाहीत, सारखं एकच विचारतात, "मगे फुडे काय झाला?"