मुठीचे माप : लोहारविद्येतील एक उपेक्षित प्रकरण

शस्त्र असो वा अवजार, पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम पात्यावर जाते. पात्याच्या पाण्याची आणि धारेची स्तुती सारेच करतात. मुठीची आठवण मात्र तळहातास फोड आल्यावाचून कोणास होत नाही. आपल्या लोहार ज्ञातीच्या पूर्वजांचा गौरव करतानाही आपण बहुधा पोलादाविषयीच बोलतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत मुठीच्या मापाचा अल्पसा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या देशात मापाचा आरंभच मुळी हातापासून झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे, अथवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराइतक्या रुंदीचे एक अंगुल सांगितले आहे. पुढे चार अंगुलांचा धनुर्ग्रह, आठांची धनुर्मुष्टि आणि बारांची वितस्ति, म्हणजे आपली वीत. धनुष्य पकडणारी चार बोटे हेच एक माप ठरले, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. सहाव्या शतकातील वराहमिहिरानेही बृहत्संहितेत उत्तम खड्ग पन्नास अंगुलांचे व कनिष्ठ पंचवीस अंगुलांचे, असे अंगुलांतच सांगितले.

पुण्यामुंबईच्या संग्रहालयांतील जुन्या तलवारी पाहून पुष्कळ लोक म्हणतात की, मुठी इतक्या आखूड, तेव्हा पूर्वजांचे हात लहान असले पाहिजेत. हा तर्क उतावीळ होय. एका बाजूस आडवी परज आणि दुसऱ्या बाजूस वाटोळी चकती, यांच्यामध्ये हात घट्ट बसावा अशीच त्या मुठीची रचना आहे. ओढून कापणारा वार करताना हात निसटू नये, हा तिचा हेतू. कामाप्रमाणे मूठ, हाच तेथील नियम.

तलवारीचे दिवस सरले, तरी विळा, कोयता, सुरी आणि कुऱ्हाड यांचे काम गावोगाव चालूच राहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात लोहाराचे स्थान सर्वांस ठाऊक आहे. सुगीला धान्य घेऊन वर्षभर काम करणाऱ्या लोहारास आपला विळा कोणाच्या हाती जाणार हे माहीत असे. अवजार बिघडले तर तेच कुटुंब पुन्हा भात्यापाशी येई. मुठीचे माप चुकविणे त्यास परवडण्यासारखे नव्हते.

ते माप असे. मूठ पकडली असता बोटांची अग्रे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागास जेमतेम टेकावीत. बोटे तळव्यात रुतली तर मूठ बारीक. ती पकडण्यास उगाच जोर लागतो. बोटे पोचलीच नाहीत तर जाड; हात लवकर थकतो. लांबी चार बोटांची आणि दोन्ही टोकांस एकेक बोट अधिक धरावी. आखूड मुठीचे टोक तळव्याच्या मध्यभागी रुतते. सुरीची मूठ गोल नसावी, लंबगोल असावी, म्हणजे न पाहताही धार कोणीकडे आहे हे हातास कळते. लाकूड बाभळीचे वा शिसवीचे, पण पुरते वाळलेले हवे. नाहीतर उन्हाळ्यात ते आकसते आणि शेंबी ढिली पडते.

पुढे शेफील्डचे चाकू बाजारात आले, मागून देशी कारखान्यांचा माल आला. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली व व्यवहार सुलभ झाला, यात शंका नाही. परंतु कारखान्यास गिऱ्हाइकाचा हात दिसत नाही. एकाच मापाच्या मुठी हजारोंनी निघतात, आणि खुरपणी-कापणीचे अर्धेअधिक काम करणाऱ्या स्त्रियांच्या हातांत त्या पुष्कळदा मोठ्या होतात.

आता विद्वानांचे लक्ष याकडे वळले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. जोराने आवळावयाच्या अवजाराची मूठ सुमारे ३ ते ५ सेंटिमीटर जाड असावी आणि १० सेंटिमीटरहून आखूड नसावी, असे आधुनिक शास्त्र सांगते. अंगुल सुमारे दोन सेंटिमीटरांस थोडे कमी. तेव्हा आपल्या सहा बोटांची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर भरते. जुनी रीत आणि नवे शास्त्र यांची गाठ येथे पडते.

आपली मुले आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत जात आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जे ज्ञान कागदावर नाही, ते वृद्धांबरोबर जाते. म्हणून सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे की, घरात आजोबा-पणजोबांच्या हातची सुरी वा विळा असल्यास त्याच्या मुठीची लांबी, घेर व लाकूड यांची नोंद करावी, तो कोणासाठी घडविला होता हे वडीलधाऱ्यांस विचारून घ्यावे, आणि ती नोंद मंडळाकडे पाठवावी. पाते झिजून जाते. माप तेवढे आपण राखू शकतो.