भारत त्या यादीत का नव्हता? हवामान फेलोशिपची गोष्ट

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण तिची सुरुवात एका ड्रॉपडाऊनपासून होते.

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. प्रॉडक्शनमधला एक बग कसाबसा मिटवला होता आणि लॅपटॉप बंद करायचा सोडून मी एक फॉर्म भरत बसले होते. ‘विकसनशील देशांतल्या तरुण व्यावसायिकांसाठी हवामान धोरण फेलोशिप.’ वाचूनच वाटलं, अरे, हे तर माझ्यासाठीच आहे! वय तिशीच्या आत, बीटेक, चार वर्षांचा अनुभव, देश विकसनशील. ‘तुम्हाला हे का करायचंय’ या प्रश्नाच्या उत्तराचे पाच खर्डे झाले होते. मग नागरिकत्वाचा रकाना आला. यादी खाली सरकवली. हैती, मग जमैका, मग किरिबाती. मध्ये इंडिया नाहीच.

मला वाटलं बग असेल. पेज रिफ्रेश केलं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. शेवटी अटी नीट वाचल्या: फक्त अल्पविकसित देश आणि छोटे बेटदेश. मी जाम चिडले. आईला म्हटलं, ‘बघ, आपण गरीब म्हणायला पुरेसे श्रीमंत आहोत!’ आईला काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. मग पुढचे दोन-तीन महिने शनिवार-रविवारी मी हेच वाचत बसले. या फेलोशिप आल्या कुठून? आणि ती यादी तशी का?

उसने वकील

जरा मागे जाऊ. 1988 साली आयपीसीसी स्थापन झाली. जगभरातलं हवामानाचं विज्ञान एकत्र करून सरकारांना सांगणारी ही संस्था. पण पहिल्याच एक-दोन वर्षांत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. खोलीत बसलेले बहुतेक लोक श्रीमंत देशांतले होते. म्हणून आयपीसीसीने एक खास समितीच नेमली, विकसनशील देशांचा सहभाग कसा वाढवायचा यासाठी. अध्यक्ष होते फ्रान्सचे ज्याँ रिपेर. पुढे डिसेंबर 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हवामान कराराच्या वाटाघाटी सुरू करायचा ठराव केला. त्याच ठरावात एक ऐच्छिक निधीही ठेवला, गरीब देशांच्या प्रतिनिधींना बैठकांना येता यावं म्हणून. या वाटाघाटींचे अध्यक्षही रिपेरच झाले.

पण विमानाचं तिकीट मिळालं म्हणजे काम झालं असं नाही ना. आपल्या भाषेत सांगते. समजा एका कंपनीत चाळीस लोकांची टीम आहे आणि दुसरीकडे दोघंच. दोघांनीच डिझाइन रिव्ह्यू करायचा, टेस्टिंग करायचं, रात्री ऑन-कॉल पण राहायचं. हवामान परिषदेत एकाच वेळी अनेक खोल्यांत बैठका चालू असतात. एकीकडे पैशांवर, दुसरीकडे जंगलांवर, तिसरीकडे हिशेबाच्या नियमांवर. मोठ्या देशाचा माणूस प्रत्येक खोलीत असतो. दोन माणसांचा देश दोनच खोल्यांत. तिसऱ्या खोलीत पहाटे तीन वाजता एखादा शब्द बदलला, तर त्यांना तो सकाळी छापील कागदावर दिसतो. रिव्ह्यू न करता मर्ज झालेला कोड!

बेटदेशांनी यावर तोड काढली. 1990 मध्ये त्यांनी आपली आघाडी बांधली, एओसिस. आज तिचे 39 सदस्य आहेत. पहिले अध्यक्ष होते वानुआतूचे राजदूत रॉबर्ट व्हॅन लिरॉप. गंमत म्हणजे हे गृहस्थ मूळचे न्यूयॉर्कचे वकील आणि चित्रपट बनवणारे! वानुआतू 1980 साली स्वतंत्र झालं तेव्हा त्या इवल्या देशाकडे संयुक्त राष्ट्रांत पाठवायला फार लोक नव्हते. कायद्याच्या कलमांसाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पर्यावरण कायद्याच्या तरुण वकिलांची मदत घेतली गेली. म्हणजे देश बुडणार प्रशांत महासागरात आणि मसुदा लिहायला माणसं लंडनहून.

आणि तरीही त्यांनी कमाल केली. 1991 मध्येच वानुआतूने आघाडीच्या वतीने प्रस्ताव ठेवला: समुद्र वर चढल्यामुळे आमचं जे नुकसान होईल, त्याच्या भरपाईसाठी विम्यासारखा निधी करा, पैसे प्रदूषण करणाऱ्यांनी भरा. तो तेव्हा मंजूर झाला नाही. 1992 च्या रिओ करारात विमा हा शब्द तेवढा राहिला.

उसन्या माणसांवर देश चालवण्याची ही सवय लवकर सुटली नाही. 2009 च्या कोपनहेगन परिषदेत तुवालूच्या वतीने बोलताना इयन फ्राय यांना रडू आलं, ते भाषण जगभर गाजलं. फ्राय होते ऑस्ट्रेलियाचे नागरिक. त्यांनी तुवालूसाठी वर्षानुवर्षं मनापासून काम केलं, त्यात शंकाच नाही. पण विचार करा, आपल्या गावाचा खटला कायम शेजारच्या गावच्या वकिलानेच लढायचा? त्याला यायला जमलं नाही तर?

भाताचा हिशेब

आता आपल्याकडे येते, कारण माझा राग इथेच शांत झाला.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात. काकांची भातशेती आहे, डोंगराच्या पायथ्याला खाचरं. 1990 च्या सुमारास अमेरिकेत एक आकडा मांडला गेला. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे भारतातल्या भातशेतीतून वर्षाला 3.78 कोटी टन मिथेन बाहेर पडत होता. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने त्याच सुमारास देशांची यादी काढली, तर हवा तापवणाऱ्या पहिल्या पाचांत भारत! 1991 मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीतून या यादीवर सडकून टीका केली. त्यांचा मुद्दा होता की जगण्यासाठी भात पिकवणाऱ्याचा मिथेन आणि चैनीच्या गाडीचा धूर एकाच तराजूत कसा तोलता?

टीका बरोबरच होती. पण वाटाघाटीत आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. ते दिलं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने. आशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये देशभर मोहीम निघाली. वेगवेगळ्या राज्यांतल्या संस्थांची पथकं शेतात उतरली. भाताच्या रोपांवर बंद पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा काढायची आणि प्रयोगशाळेत मिथेन मोजायचा. उत्तर आलं: वर्षाला साधारण 40 लाख टन. म्हणजे जवळजवळ एक दशांश!

इतका फरक का? जुना आकडा युरोप-अमेरिकेतल्या शेतांच्या मोजमापांवरून ताणलेला होता. तिथे भातात सतत पाणी तुंबवून ठेवतात. पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही, मग तिथले जीवाणू मिथेन बनवतात. आपल्याकडचं बरंच भात पावसावरचं, पाणी येतं आणि जातं.

मी गणपतीला घरी गेले तेव्हा काकांना हे सांगितलं. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, ‘अगं, पाऊस चार दिवस थांबला की खाचरात पाणी राहतं कुठे? हे त्यांनी कुणाला विचारलं नाही का?’

नाही ना काका. विचारायला त्या खोलीत कुणी नव्हतं.

मुद्दा कळला का मंडळी? भारताकडे 1991 मध्ये प्रयोगशाळा होती, यंत्रं होती, शास्त्रज्ञ होते. चुकीचा आकडा आला, आपण खोडला. तोच आकडा किरिबातीबद्दल किंवा मालावीबद्दल आला असता तर? त्यांच्या वतीने शेतात पेटी कोण ठेवणार होतं? त्या ड्रॉपडाऊनमध्ये माझा देश का नाही, याचं उत्तर मला काकांच्या पडवीत मिळालं.

नोबेलचे पैसे कुठे गेले?

2001 मध्ये माराकेशच्या परिषदेत ‘क्षमताबांधणी’ हा शब्द अधिकृत चौकटीत आला. कागदावर छान. प्रत्यक्षात बऱ्याचदा काय व्हायचं? परदेशी सल्लागार विमानाने यायचे, दोन दिवस कार्यशाळा घ्यायचे, जाडजूड अहवाल द्यायचे आणि परत जायचे. ज्ञान त्यांच्याबरोबरच परत जायचं! बांगलादेशचे सलीमुल हक यावर आयुष्यभर बोलत राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पैसा सल्लागारांवर नको, आमच्या विद्यापीठांवर घाला, तिथे दरवर्षी नवी पोरं तयार होतील. 2009 मध्ये त्यांनी ढाक्यात हवामान बदलावरचं केंद्र उभं केलं. 2023 मध्ये ते गेले, केंद्र चालूच आहे.

दरम्यान 2005 पासून ऑक्सफर्डमध्ये विकसनशील देशांच्या वाटाघाटी करणाऱ्यांसाठी फेलोशिप सुरू झाली होती. युरोपचे आणि गरीब देशांचे लोक परिषदेच्या गोंगाटाबाहेर एकत्र बसून बोलायचे.

आणि मग नोबेल. 2007 चं शांततेचं नोबेल आयपीसीसी आणि अल गोर यांना अर्धं अर्धं मिळालं. तेव्हा आयपीसीसीचे अध्यक्ष होते आपले राजेंद्र पचौरी. संस्थेच्या वाट्याला 50 लाख स्वीडिश क्रोनर आले. त्या पैशांतून शिष्यवृत्ती सुरू झाली, विकसनशील देशांतल्या, त्यातही अल्पविकसित देशांतल्या पीएचडी करणाऱ्यांसाठी. पहिली तुकडी 2011 ची. मला ही गोष्ट फार आवडली. बक्षिसाच्या पैशांतून कुणी इमारत बांधली नाही, पुढच्या अहवालांसाठी माणसं घडवायला घेतली.

2015 च्या पॅरिस करारानंतर गरज आणखी वाढली, कारण आता प्रत्येक देशाला आपली योजना आणि आपला हिशेब स्वतः द्यायचा होता. हिशेब म्हणजे डेटा, डेटा म्हणजे माणसं. आज बेटदेशांची आघाडी आपल्या तरुण अधिकाऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये आपापल्या देशाच्या कार्यालयात ठेवून वाटाघाटी शिकवते. जर्मनीतल्या बॉन शहरात हवामान कराराचं सचिवालय आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ मिळून करिअरच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी फेलोशिप चालवतात.

पण सगळं गोड नाही

एक, पैसे बहुतेक वेळा देणार कोण? इटलीसारखी श्रीमंत सरकारंच. म्हणजे ज्यांच्यासमोर बसून भांडायचं, शिकवणीची फी त्यांनीच भरायची. त्यामुळे पोरं मवाळ होतात का? वरचा इतिहास पाहिला तर तसं वाटत नाही. पण अभ्यासक्रम कोण ठरवतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दोन, एक-दोन वर्षांनी फेलो तयार होतो आणि मग? घरी परतल्यावर त्याच्यासाठी पद असेल तर ठीक. नसेल तर तो बॉनला किंवा लंडनला नोकरी धरतो. आयटीत आपल्याला हे शिकवायला नको! शिकवून तयार केलेला माणूस नोटीस पिरियड टाकतो तेव्हा टीमचं काय होतं, ते आपण पाहिलंय.

तीन, आणि हे मला अजून टोचतं: भारताकडे मोठं शिष्टमंडळ आहे, पण म्हणून आमच्या काकांच्या खाचराला आवाज आहे असं नाही. देश खोलीत असणं आणि गाव खोलीत असणं, यात फरक आहे. तो फरक बॉनची फेलोशिप भरून काढणार नाही. ते काम दिल्ली-मुंबईचं आहे, आणि आपलं.

27 पोरं

शेवट वानुआतूतच करू. 2019 मध्ये तिथल्या पोर्ट विला शहरात साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गात एक कल्पना मांडली: हवामानाबद्दल देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतू सरकारने ती उचलली. 29 मार्च 2023 ला आमसभेने ठराव एकमताने मंजूर केला. 23 जुलै 2025 ला हेग इथल्या न्यायालयाने मत दिलं, तेही एकमताने: हवामान जपणं हे देशांवर कायद्याने बंधन आहे. मधल्या काळात, 2022 मध्ये, नुकसानभरपाईच्या निधीलाही मान्यता मिळाली. व्हॅन लिरॉप यांच्या प्रस्तावानंतर 31 वर्षांनी.

1991 मध्ये लंडनहून वकील आणावे लागले होते. 2019 मध्ये ते पोर्ट विलाच्याच वर्गात बसले होते. या दोन तारखांमध्ये जे घडलं, तोच आजच्या भागाचा विषय.

माझं काय झालं? तो फॉर्म तसाच अर्धवट आहे, मी डिलीट केलेला नाही. सध्या मी आणि काका एक साधी शीट भरतोय: खाचरात पाणी कधी आलं, किती दिवस राहिलं, कधी ओसरलं. काका व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, मी नोंद करते. परवा त्यांचा मेसेज आला, ‘कालपासून पाणी नाही. लिही.’

लिहिलं.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.