चिरंजीव, दीर्घायुषी, आयुष्मान

मध्यंतरी आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या कचेरीतील एका टिपणाचा मराठी मसुदा आमच्यापुढे ठेवला. त्यात ‘पुलाच्या दीर्घायुष्यासाठी’ अशी शब्दयोजना होती. आम्ही हसलो, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “यात चुकले काय? यंत्राचे आयुष्य आपण म्हणतोच ना?” प्रश्न रास्त होता. यंत्राचे, कापडाचे, छपराचे आयुष्य मराठीत खुशाल चालते. परंतु ‘दीर्घायुष्य’ म्हटले की कोणा वडीलधाऱ्याचा हात मस्तकावर आल्याचा भास होतो. आणि पुलाच्या मस्तकावर हात ठेवणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे. लोखंडातील फॉस्फरसामुळे त्यावर संरक्षक पापुद्रा धरतो व गंज आत शिरत नाही, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. हा त्याचा टिकाऊपणा होय. त्यास चिरस्थायी म्हणावे. दीर्घायुषी म्हणू नये.

हा भेद आमच्या भाषेत कोठून आला हे पाहू लागले म्हणजे जुन्या पत्रांकडे वळावे लागते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. ते चाळताना एक गोष्ट सहज ध्यानी येते. वडिलांनी धाकट्यांस लिहिताना मायना ‘चिरंजीव राजश्री’ असा असावयाचा. चिरंजीव म्हणजे दीर्घकाळ जगणारा. पण पत्रात तो शब्द माहिती सांगत नाही, इच्छा सांगतो. अश्वत्थामा, हनुमान, बिभीषण आदी सात चिरंजीवांविषयी बोलताना तोच शब्द विधान होतो. मुलाच्या नावामागे आला की तो आशीर्वाद असतो, आणि आशीर्वादात थोडी भीती नेहमीच मिसळलेली असते.

ती भीती किती खरी होती, हे दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसास निराळे सांगावयास नको. १७६० च्या ऑगस्टच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी ही नगरी घेतली. वेतनासाठी पैसा नव्हता, म्हणून दिवाण-ए-खासच्या छतावरील चांदी काढून तिचे नाणे पाडावे लागले. भाऊंचे वय तेव्हा तीस वर्षांचे, आणि सोबत असलेल्या विश्वासरावांचे अवघे अठरा. पुण्याच्या घरी हे दोघेही ‘चिरंजीव’च. १७६१ च्या १४ जानेवारीस पानिपतावर दोघेही पडले. नानासाहेब पेशवे मदतीस उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या मुक्कामी त्यांना ही वार्ता कळली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तेही गेले. त्यांचे वय चाळीस होते.

त्या घराण्याच्या वयांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणारे थोरले बाजीराव एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचे बंधू चिमाजीअप्पा त्याच १७४० साली, तेहतिसाव्या वर्षी. थोरले माधवराव सत्ताविसाव्या, नारायणराव अठराव्या, सवाई माधवराव एकविसाव्या. ज्या घरात प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘चिरंजीव’ लिहिले जात होते, त्या घरात दीर्घायुष्य फारच थोड्यांच्या वाट्यास आले. आणि ज्याच्या वाट्यास आले तो दुसरा बाजीराव! १८१८ साली राज्य गमावून, आठ लाखांचे वर्षासन घेऊन तो ब्रह्मावर्तास राहिला आणि १८५१ मध्ये, शहात्तराव्या वर्षी वारला. दीर्घायुषी या शब्दात स्तुती आहे असे जे समजतात, त्यांनी त्याचे स्मरण ठेवावे. औरंगजेबही अठ्ठ्याऐंशी वर्षे जगला. शब्द त्यासही तितकाच लागू पडतो. किती वर्षे जगला एवढेच तो सांगतो, कसा जगला ते नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत ही अडचण नाही. १८५८ मध्ये जन्मलेल्या अण्णासाहेबांना १९५८ साली ‘भारतरत्न’ मिळाले, तेव्हा त्यांच्या वयाची शंभरी भरली होती. १९६२ साली, एकशे चाराव्या वर्षी ते गेले. त्यांना ‘शतायुषी’ म्हणणे हे साधे सत्यकथन. परंतु साठीच्या सत्कारात ‘आपण शतायुषी आहात’ असे बोलणाऱ्या वक्त्यांस आमची विनंती आहे, की ‘शतायुषी व्हा’ म्हणावे. उरलेली चाळीस वर्षे सत्कारमूर्तींनी अद्याप जगावयाची आहेत.

कचेरीत आणखी एक घोटाळा होतो. सरासरी ‘आयुर्मान’ ही मोजणी आहे, एकट्या माणसाचे दीर्घायुष्य नव्हे. १९७०-७५ च्या सुमारास भारतात जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान ४९.७ वर्षे होते. २०१६-२० मध्ये ते सत्तरीस पोहोचले. याचा अर्थ पूर्वी सारे पन्नाशीतच मरत होते असा नाही. लहान मुले फार दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. पूर्वीच्या गावातही ऐंशीची आजी होतीच, मात्र तिने आपली दोन-तीन लेकरे पुरलेली असत. तिच्या तोंडी ‘औक्षवंत हो’ हा शब्द निव्वळ रिवाज नव्हता.

राहता राहिला ‘आयुष्मान’. २०१८ साली त्या नावाची आरोग्ययोजना आली आणि आमच्या मराठी मंडळींच्या लेखणीतून सर्रास ‘आयुष्यमान’ उतरू लागले. ‘आयुष्मान’ म्हणजे ज्यास आयुष्य आहे तो, स्त्रीस आयुष्मती. मोजमाप सांगावयाचे तर ‘आयुर्मान’. ‘आयुष्यमान’ ही दोहोंची भेसळ. आमच्या स्नेह्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि मसुद्यात ‘पूल अधिक काळ टिकावा म्हणून’ असे लिहिले. मग खिशातून मुलाच्या लग्नाची पत्रिका काढून ‘चि.’ पुढचा ठिंब नीट उमटला आहे ना, ते तेवढे पाहून द्या म्हणाले.